टेन्शनची वही : दोन आठवड्यांची कृती

साहित्य : पर्समध्ये किंवा शर्टाच्या खिशात मावेल अशी छोटी वही, एक निळं आणि एक लाल पेन, घड्याळ. वेळ : कामाचे दोन आठवडे. मोबाइलवर नोंदी ठेवता येतात, पण मोबाइल उघडला की ऑफिसचा ग्रुप दिसतो आणि ज्याची नोंद करायची तेच पुन्हा सुरू होतं. त्यामुळे वहीच बरी.

सुरुवात एखाद्या साध्यासुध्या सोमवारी करा. मार्चअखेर, घरातलं लग्न, मुलाची दहावी या दिवसांतला ताण कशाचा आहे ते वहीशिवायही कळतं. आपल्याला शोधायचाय तो रोजचा ताण. कोणी विचारलं तर ज्यावर ‘काही नाही गं, असंच’ एवढंच उत्तर येतं, तो.

त्याआधी नेहमीच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन या. धडधड, चिडचिड, झोप न लागणं ही लक्षणं थायरॉइड वाढल्यावरही दिसतात. हिमोग्लोबिन कमी असलं तरी दम लागतो आणि थकवा येतो. रक्तदाब तर तपासल्याशिवाय कळतच नाही. छातीवर दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असं काही होत असेल तर वही बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठा. ‘ॲसिडिटी असेल, टेन्शन आलंय’ म्हणत रात्र काढण्याची आपल्याकडे फार वाईट सवय आहे.

पहिला आठवडा : फक्त लिहायचं

पानावर चार रकाने आखा : वेळ, काय घडलं, अंगात काय झालं, मनात कोणतं वाक्य आलं. नोंद त्या त्या वेळी, दोन ओळींत करायची. रात्री बसून लिहिलंत तर दिवसभरातलं सगळ्यात मोठं भांडण तेवढं आठवतं आणि बाकीचं विरून जातं. दिवसाच्या शेवटी दोन गोष्टी वेगळ्या टिपायच्या : चहा-कॉफी किती वेळा आणि किती वाजता झाली, आणि आदल्या रात्री झोप किती तास मिळाली.

अंबरनाथहून ठाण्याला येऊन पतपेढीत काउंटर सांभाळणाऱ्या एखाद्या बाईंचं पान साधारण असं दिसेल. सकाळी ८.२० : फास्ट चुकली, पुढच्या गाडीत दारातच उभी. खांदे वर चढलेले. ‘आज पण लेट मार्क.’ १०.४० : सर्व्हर बंद, समोर रांग, एक आजोबा ओरडले. कान गरम झाले, पोटात गोळा आला. ‘माझा काय संबंध?’ संध्याकाळी ५.३५ : निघायच्या वेळी साहेबांनी थकबाकीची यादी मागितली. दात आवळले गेले. ‘मी नाहीच म्हणू शकत नाही.’ रात्री ९.१५ : भाकऱ्या चालू असताना मुलाने उद्याच्या प्रोजेक्टसाठी चार्ट पेपर मागितला. त्याच्यावर ओरडले. ‘सगळं मीच बघायचं.’

या पानात ‘साहेब त्रास देतात’ असं कुठेही लिहिलेलं नाही, हे लक्षात घ्या. तो निष्कर्ष झाला, नोंद नव्हे. ‘५.३५ ला यादी मागितली’ ही नोंद. निष्कर्षाशी वर्षानुवर्षं भांडत बसता येतं. नोंदीचं मात्र काहीतरी करता येतं. बहुतेकांची वही इथेच फसते, म्हणून पहिले तीन दिवस संध्याकाळी पान वाचून निष्कर्ष खोडा आणि त्या जागी घटना लिहा.

तिसरा रकाना कंटाळून सोडू नका. धोका दिसला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, स्नायू आवळतात आणि पचन मंदावतं. लढायला किंवा पळायला तयार होणाऱ्या या शरीराचं वर्णन वॉल्टर कॅनन यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला केलं. पुढे 1936 साली हान्स सेली यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण छापलं : थंडी, इजा, विषारी द्रव्य, अतिश्रम अशा निरनिराळ्या माऱ्यांना उंदरांच्या शरीरांनी दिलेला प्रतिसाद मात्र एकाच साच्याचा होता. अडचण अशी की ५.३५ च्या यादीपासून पळता येत नाही आणि साहेबांशी लढताही येत नाही. शरीराने केलेली तयारी तशीच अंगात राहते आणि मानदुखी, आंबट ढेकर, रात्री दोनला येणारी जाग अशा वाटांनी बाहेर पडते. मन ‘मी ठीक आहे’ म्हणत असताना जबडा खरं सांगत असतो.

रविवारी : दोन पेनांचं काम

चहा घेऊन बसा आणि आठवड्याची पानं वाचा. ज्या नोंदीत तुम्हाला थोडं तरी काही ठरवता आलं असतं तिच्याखाली निळी रेघ मारा, जिथे काहीच हातात नव्हतं तिथे लाल. गाडी चुकली : निळी, निदान अर्धी. सर्व्हर : लाल. ५.३५ ची यादी : आज लाल, पण ती निळी होऊ शकते. अशा नोंदींभोवती गोल करा. पुढचा आठवडा त्यांच्यासाठीच आहे.

या वर्गवारीला आधार आहे. स्वीडिश आणि अमेरिकन कामगारांची माहिती तपासून रॉबर्ट करासेक यांनी 1979 साली मांडलं की नुसतं काम जास्त असल्याने माणूस तेवढा खचत नाही. काम जास्त आणि अधिकार कमी, ही जोडी त्याला खचवते. ‘मोठ्या साहेबांना मोठं टेन्शन’ हा आपला लाडका समज आहे. लंडनच्या सरकारी नोकरांवर 1967 पासून चाललेल्या व्हाइटहॉल अभ्यासात नेमकं उलट दिसलं. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या अधिकाऱ्यांच्या साधारण तिप्पट होते. सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही फरकाचा बराच भाग उरला. नंतरच्या दुसऱ्या अभ्यासात कामावरचं कमी नियंत्रण हे त्यातलं एक कारण म्हणून पुढे आलं. मला तर शिपाई, कारकून आणि घरची सून यांच्या वह्या आधी भरलेल्या पाहायला आवडतील.

दुसरा आठवडा : एकच बदल

गोल केलेल्या नोंदींपैकी एकच निवडा, जी सगळ्यात जास्त वेळा आली ती. बाकीच्यांना हात लावू नका. पाच गोष्टी एकदम बदलायला घेतल्या की बुधवारपर्यंत सगळ्या सुटतात, वर आपल्याला जमत नाही याचा नवा ताण.

यादीचंच घ्या. साहेबांशी बोलायचं ते ५.३५ ला नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटर उघडायच्या आधी, आणि तक्रार म्हणून नव्हे : ‘सर, यादी तीनपर्यंत सांगितलीत तर त्याच दिवशी देते. त्यानंतर सांगितलीत तर दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत टेबलावर असेल. चालेल ना?’ वाक्य आधी वहीत लिहून ठेवा, म्हणजे ऐन वेळी जीभ अडखळत नाही. साहेब नाही म्हणाले तर तेही लिहा. निदान कोंडी कुठे आहे ते कळेल. घरातलं असेल तर तेच वळण : ‘मला कोणी मदत करत नाही’ऐवजी ‘चार्ट पेपर, वह्या, शाळेचं जे काय असेल ते साडेसातच्या आत बाबांना सांगायचं.’ आणि बाबांनाही तसं सांगून ठेवायचं.

लाल नोंदींसाठी चौथा रकाना उघडा. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली. तिचा गाभा इथे उपयोगी पडतो : घटनेइतकाच, कधी कधी घटनेपेक्षा जास्त त्रास तिच्याबद्दलच्या हट्टाचा होतो. ‘सर्व्हर चालू असायलाच पाहिजे’ हे खोडून ‘चालू असता तर बरं झालं असतं’ लिहा. सर्व्हर काही सुरू होत नाही, पण आजोबांशी बोलताना आवाज खाली येतो. मात्र हा उपाय लाल नोंदींपुरताच. ड्युटीचं वेळापत्रकच चुकीचं असेल तर कर्मचाऱ्याला ‘सकारात्मक विचार करा’ असं सांगणारं शिबिर भरवणं ही माझ्या मते लबाडी आहे. वेळापत्रक बदला.

अंगासाठी दोनच गोष्टी. मान आवळली की चार अंक मोजत श्वास आत आणि सहा अंक मोजत बाहेर, असं दोन-तीन मिनिटं करा. श्वास लांबवून सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात, आणि हे गाडीत उभ्यानेही जमतं. दुसरं, चारनंतरचा चहा बंद करून पाहा. कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात.

दोन आठवडे झाले की दोन्हींची पानं शेजारी ठेवा. निवडलेली नोंद किती वेळा आली आणि झोप किती मिळाली, एवढंच पाहा. कमी झाली असेल तर पुढची नोंद घ्या. तेवढीच राहिली असेल तर बदल चुकला, तुम्ही नाही. दुसरा बदल करून पाहा.

आणि दोन्ही आठवडे झोप, भूक उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा वहीत जगणं नको झाल्याचं वाक्य एकदा जरी आलं असेल, तर ही कृती तिथेच थांबवा आणि माणसाशी बोला. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक 14416 आहे. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.