राजवाडा ते गेंडामाळ



लंडनला जाणारे लोक तेथील एकेक वास्तू पायी फिरून पाहतात. आपले साताराही राजधानीच होते. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक येथेच झाला. पण येथे राहून आपण काय पाहतो? या सुट्टीत मुलांना घेऊन तीन ठिकाणी तरी चालत जाऊ या.

पहिले, राजवाडा. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना ईस्ट इंडिया कंपनीने १८३९ साली गादीवरून दूर करून काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि सुमारे १४ वर्षे तेथे दाद मागत राहिले. १८४७ साली महाराज काशीतच वारले, १८४८ साली राज्य खालसा झाले. तरी रंगोजी १८५३ पर्यंत हटले नाहीत.

दुसरे, अजिंक्यताऱ्याच्या उतारावरील चार भिंती. १८५७ च्या वीरांच्या या स्मारकात रंगोजींचेही नाव आहे.

तिसरे, गेंडामाळ. ८ सप्टेंबर १८५७ रोजी येथे १७ जणांना देहदंड दिला गेला. त्यांत रंगोजींचा मुलगा सीताराम होता.

रंगोजींना न्याय मिळाला नाही. मग त्यांचे कष्ट वाया गेले का? आपण बहुधा निकालावरून माणूस मोजतो. पण निकाल आपल्या हाती नसतो; खरी बाजू न सोडणे मात्र असते. गेंडामाळावर मुलांनी विचारले, "मग जिंकले कोण?" तर उत्तर द्यायची घाई करू नये. थोडे थांबून त्यांनाच विचारू या.