तबकडीची मागची बाजू : ‘पास्ट मास्टर्स’ या संग्रहाचा पाठचिकित्सक विचार

ग्रामोफोनच्या तबकडीला दोन बाजू असतात आणि त्या दोन बाजूंना सारखा मान नसतो, ही गोष्ट आजच्या वर्गमित्रांना मुद्दाम सांगावी लागते. गाणे आता फोनवर ऐकले जाते, आणि फोनला मागची बाजू नाही. परंतु पन्नास ते ऐंशीच्या दशकांत इंग्लंड-अमेरिकेतील लोकप्रिय संगीताचा मोठा व्यवहार सात इंचांच्या, मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या तबकडीवर चाले. तिच्या पुढच्या, म्हणजे ‘ए’ बाजूवर, कंपनीला जे गाणे खपवायचे असेल ते असे. रेडिओवर तेच वाजे, खपाच्या यादीत बहुधा तेच चढे. मागची ‘बी’ बाजू कोरी ठेवता येत नाही म्हणून भरायची, असा एकंदर रिवाज. प्रस्तुत लेखात मला या मागच्या बाजूविषयी लिहावयाचे आहे, आणि त्यासाठी बीटल्स या लिव्हरपूलच्या चौघांच्या वृंदाचा ‘पास्ट मास्टर्स’ हा १९८८ सालचा दोन भागांचा संग्रह मी आधाराला घेतला आहे.

अशा संग्रहांची एक जातच आहे. कधी वृंद आपली कपाटे झाडतो. ‘द हू’ या वृंदाच्या ‘ऑड्स अँड सॉड्स’ (१९७४) मध्ये त्यांचा बासवादक जॉन एन्टविसल याने आतापर्यंत न निघालेली ध्वनिमुद्रणे काढून लावली. कधी मागच्या बाजूंतून निवड केली जाते. ‘ओॲसिस’चा ‘द मास्टरप्लॅन’ (१९९८) हा त्यातला. ‘पास्ट मास्टर्स’ या दोहोंपेक्षा वेगळा आहे. त्यात निवड नाही. १९८७ साली बीटल्सच्या बारा ब्रिटिश दीर्घ ध्वनिमुद्रिका आणि ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ कॉम्पॅक्ट डिस्कवर आल्या, तेव्हा बरीच गाणी बाहेर राहिली, कारण एकदा सिंगल म्हणून विकलेले गाणे दीर्घ ध्वनिमुद्रिकेत पुन्हा घालून गिऱ्हाइकाकडून दोनदा पैसे घेऊ नयेत अशी ब्रिटनमध्ये साधारण पद्धत होती. (अमेरिकेतील कंपनीला असला संकोच नव्हता.) बाहेर राहिलेली ती सर्व, एकूण ३३ गाणी, मार्क लुइसन या अभ्यासकाने कालक्रमाने लावून दिली : पहिल्या भागात १८, दुसऱ्यात १५. त्यांतील १२ गाणी मागच्या बाजूची आहेत.

हा विषय मी निवडला तेव्हा आमच्या एका सरांनी विचारले होते, “अरे, उरलंसुरलं गोळा करून त्याचा अभ्यास कसला करायचा?” प्रश्न रास्त आहे. परंतु उरलेसुरले टाकून न देण्याची शिकवण सरांनीच आम्हाला पाठचिकित्सेच्या तासाला दिली आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना जे श्लोक मुख्य संहितेत घेतले नाहीत तेही तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. परिशिष्ट नसते तर संहिता कशी ठरली हे आपल्याला कळलेच नसते. ‘पास्ट मास्टर्स’ला मी बीटल्सच्या संहितेचे परिशिष्ट मानतो आणि त्याच दृष्टीने तो ऐकतो.

प्रथम पाठभेद पाहू. ‘लव्ह मी डू’ हे त्यांचे पहिले सिंगल ऑक्टोबर १९६२ मध्ये निघाले. त्याचे ४ सप्टेंबरला केलेले ध्वनिमुद्रण निर्माता जॉर्ज मार्टिन यास समाधानकारक वाटले नाही. ११ सप्टेंबरला अँडी व्हाइट नावाचा व्यावसायिक ढोलवादक बसवून ते पुन्हा केले गेले आणि बिचाऱ्या रिंगो स्टारच्या हाती खंजिरी आली. गंमत अशी की पहिल्या सिंगलवर रिंगोचा पाठ गेला आणि दीर्घ ध्वनिमुद्रिकेवर व्हाइटचा. ओळखायची खूण सोपी : खंजिरी ऐकू आली तर तो दुसरा पाठ. ‘पास्ट मास्टर्स’मध्ये रिंगोचा पाठ आहे, पण त्याची मूळ फीत उरली नसल्याने तो चक्क एका जुन्या तबकडीवरून उतरवून घ्यावा लागला. हस्तलिखित गहाळ झाल्यावर छापील प्रतीवरून पुन्हा नक्कल करावी, तसाच हा प्रकार. साठ वर्षांपूर्वीची गाणी, जगभर खपलेली, आणि मूळ प्रत नाही! आपल्याकडील संतांच्या गाथांविषयी हळहळताना मला हे उदाहरण आठवते.

‘अक्रॉस द युनिव्हर्स’ची हकीकत याहून बोलकी आहे. फेब्रुवारी १९६८ मध्ये केलेले एकच ध्वनिमुद्रण, परंतु जगात गेले ते दोन रूपांनी. वन्यजीवांच्या मदतीसाठी १९६९ च्या अखेरीस निघालेल्या एका ध्वनिमुद्रिकेसाठी त्याच्या आरंभी व शेवटी पाखरांचे आवाज जोडले आणि फीत किंचित वेगाने फिरवली. म्हणजे हेतुपुरस्सर घातलेला क्षेपकच. पुढे १९७० च्या ‘लेट इट बी’ या ध्वनिमुद्रिकेसाठी फिल स्पेक्टर याने तीच फीत मूळच्याहून मंद केली आणि वर वाद्यमेळ व समूहगान चढवले. एका पाठात लेननचा आवाज कोवळा, उतावीळ वाटतो, तर दुसऱ्यात थकलेला. गायक तोच, क्षणही तोच. आवाजातला जो ‘भाव’ आपण गायकाच्या अंतःकरणातून आला असे समजतो त्यातला काही भाग फीत फिरवणाऱ्याच्या बोटांतून आलेला असू शकतो, हे मला या दोन पाठांनी शिकवले. दोहोंपैकी पाखरांचा पाठ मला अधिक आवडतो. पाखरे नसती तर आणखी आवडला असता.

आता मागच्या बाजूकडे वळू. इथे माझे मत असे की ‘ए’ बाजूवर बाजाराचा पहारा असे आणि ‘बी’ बाजूवर तो ढिला असे. त्यामुळे कारागिराचे प्रयोग मागच्या दाराने आले. जून १९६६ मध्ये ‘पेपरबॅक रायटर’च्या मागे आलेले ‘रेन’ घ्या. त्याचा ठेका आधी जलद वाजवून मुद्रित केला आणि मग फीत संथ करून वापरली. त्यामुळे ढोलाला ओल्या चामड्यासारखा जडपणा आला. शेवटी लेननच्या गाण्याची फीत उलटी फिरवली आहे. रिंगोने स्वतः आपले सर्वांत चांगले वादन म्हणून याच गाण्याचा उल्लेख केलेला आहे. वृंदातील एका वादकाची सर्वोत्तम कामगिरी तबकडीच्या पाठीवर!

‘यू नो माय नेम’ हा दुसऱ्या टोकाचा नमुना. १९६७ साली सुरू करून बाजूला टाकलेले, १९६९ मध्ये पुरे केलेले हे निव्वळ थट्टेचे गाणे. त्यात सॅक्सोफोन वाजवला आहे रोलिंग स्टोन्सच्या ब्रायन जोन्सने. जुलै १९६९ मध्ये जोन्स वारला. मार्च १९७० मध्ये ‘लेट इट बी’सारख्या धीरगंभीर गाण्याच्या पाठीशी ही थट्टा बाहेर आली, आणि त्यानंतर सुमारे महिन्याभराने वृंद फुटल्याचे जगजाहीर झाले. कालक्रमामुळे संग्रहात ती अगदी शेवटी येते. मला ते गाणे फारसे भावत नाही, पण ते तिथे असणे भावते.

या बारांपैकी एका गाण्यासाठी मात्र मला थांबायचे आहे. मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’ निघाले. त्याच्या मागे जॉर्ज हॅरिसनचे ‘द इनर लाइट’ होते. बीटल्सच्या सिंगलवर जागा मिळालेले हॅरिसनचे हे पहिलेच गाणे, आणि तीही मागच्या बाजूची. याचा वाद्यभाग लंडनमध्ये झालेलाच नाही. तो जानेवारी १९६८ मध्ये मुंबईतील एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत, भारतीय वादकांकडून वाजवून घेतला आहे. ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी हॅरिसन मुंबईत आला होता, त्याच बैठकांत हेही झाले. कंपनीचे भास्कर मेनन यांनी त्यासाठी दोन पट्ट्यांचे मुद्रणयंत्र कलकत्त्याहून आगगाडीने आणवले, आणि स्टुडिओत बाहेरच्या टॅक्सींचे आवाज येत व संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांनी काम थांबवावे लागे, असे हॅरिसनने पुढे सांगितले आहे. आपल्यापैकी ज्यांनी संध्याकाळची फोर्ट-चर्चगेटची गर्दी पाहिली आहे त्यांना हे वर्णन समजावून सांगायला नको.

गाण्याची बांधणी अशी : आरंभी आणि मध्ये वेगाने धावणारे वाद्यखंड, आणि शब्द सुरू होताच सगळे निवळून बासरीच्या संगतीने आवाज सावकाश चालतो. शब्दांचा उगमही आडवाटेचा आहे. केंब्रिजला संस्कृत शिकवणारे आणि भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर करणारे हुआन मास्कारो यांनी हॅरिसनला पत्र लिहून सुचवले की ‘ताओ ते चिंग’मधील वचनांना चाल लावून पाहा. दाराबाहेर पाऊल न टाकताही जग जाणता येते, असा त्या सत्तेचाळिसाव्या प्रकरणाचा आशय. म्हणजे चिनी वचन, स्पॅनिश संस्कृतज्ञ, लिव्हरपूलचा गायक आणि मुंबईचे वादक. घरातच राहावे असे सांगणाऱ्या गाण्याने किती प्रवास केला पाहा! ६ फेब्रुवारीला लंडनमध्ये हॅरिसन त्यावर गायला. शेवटचे सहगान दोन दिवसांनी जोडले गेले.

परंतु त्या सिंगलच्या लेबलवर मुंबईच्या वादकांपैकी एकाचेही नाव नाही. ‘वंडरवॉल म्यूझिक’ ही ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी नोव्हेंबरात निघाली. तिच्या वेष्टनावर मात्र आशिष खाँ, शिवकुमार शर्मा, महापुरुष मिश्र, शंभू दास, चंद्रशेखर नारिंग्रेकर अशी नावे रीतसर छापली आहेत. एकाच स्टुडिओत, त्याच दिवसांत झालेल्या कामाला दीर्घ ध्वनिमुद्रिकेवर नाव मिळाले आणि छोट्या तबकडीच्या पाठीवर मिळाले नाही. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मी म्हणत नाही. सिंगलच्या लेबलवर जागा थोडी, आणि बाहेरून बोलावलेल्या वादकांची नावे न छापण्याचा त्या धंद्याचा शिरस्ता. लंडनच्या अँडी व्हाइटचे नाव तरी पहिल्या सिंगलच्या वेळी कोणी छापले होते? तरीही मला हे खुपते, कारण शिरस्ता म्हणून जे घडते त्याचीच नोंद सर्वांत आधी पुसली जाते. आपल्या चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदांत बसलेल्या शेकडो वादकांविषयी हेच म्हणता येईल. त्या तबकड्या आपण आजही गायकाच्या आणि संगीतकाराच्या नावाने ओळखतो. सतार कोणाची, हे विचारणारा विरळा.

इथे संग्रहाचा एक दोषही सांगितला पाहिजे. कॉम्पॅक्ट डिस्कवर ३३ गाणी एका रांगेत आली, सगळ्यांना क्रमांक मिळाले, पण पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती हा भेद ऐकताना नाहीसा झाला. मागच्यांना न्याय मिळाला खरा. मात्र आपण मागे होतो ही त्यांची ओळख हरवली. तबकडी हाताने उलटण्याचे श्रम ज्याने घेतले त्यालाच ‘रेन’ सापडत असे. आता ते आपोआप सुरू होते. २००९ साली दोन्ही भाग नव्याने शुद्ध करून एकत्र निघाले तेव्हाही रांग तीच राहिली.

‘द इनर लाइट’ मात्र एकदा रंगमंचाच्या अगदी पुढे आले. हॅरिसन नोव्हेंबर २००१ मध्ये वारला. बरोबर एका वर्षाने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील स्मृतिमैफलीत ते जेफ लिन आणि अनुष्का शंकर यांनी सादर केले.

वाचकांपैकी कोणास हा संग्रह मिळवून ऐकावयाचा असेल तर दुसऱ्या भागातील पाचवे आणि सहावे गाणे लागोपाठ ऐकावे, आणि शक्यतो कानाला हेडफोन लावून. पाचवे ‘लेडी मॅडोना’. पियानोचा दणदणीत ठेका, लंडनचा स्टुडिओ, १९६८ चा फेब्रुवारी. ते संपले की क्षणभर शांतता येते. जुन्या तबकडीवर याच जागी उठून ती उलटावी लागे. मग सहावे सुरू होते आणि पहिले सूर ऐकू येतात ते मुंबईचे.