शब्द तोलून टाकावा : खेळातील स्टेरॉईड आणि आपलं लिहिणं

या अभ्यासलेखाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत वसतिगृहाच्या भित्तिपत्रकात मी एक चौकट लिहिली. मथळा होता, ‘स्टेरॉईडच्या जोरावर कबड्डी!’ नाव दिलं नव्हतं. पण ‘तिसऱ्या मजल्यावरचा, चाकूर तालुक्यातला, डिसेंबरच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत गाजलेला चढाईपटू’ एवढं लिहिल्यावर नाव कशाला लागतं? पुरावा काय, तर त्याच्या टेबलावर दिसलेली गोळ्यांची एक स्ट्रिप. फार्मसीला असलेल्या मित्राला विचारलं, तो म्हणाला, ‘हे स्टेरॉईडच आहे.’ झालं! मला बातमी मिळाली.

गोळी होती प्रेडनिसोलोन. फेब्रुवारीत दमा उठला म्हणून डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी दिलेली. स्पर्धा होऊन दोन महिने उलटले होते. तो माझ्या खोलीत आला आणि एवढंच म्हणाला, ‘दादा, मला विचारायचं तरी होतं.’ दुसऱ्या दिवशी मी खुलासा लावला. चौकट सगळ्यांनी वाचली होती, खुलासा कुणीच वाचला नाही. मीही चाकूरचाच. उन्हाळ्याच्या सुट्टीत स्टँडवर त्याचे वडील भेटले. बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘लेकरू तिथं काही वंगाळ घेतंय का रे?’ त्या प्रश्नाला उत्तर देताना माझी जी अवस्था झाली, तिच्यातून हा अभ्यास सुरू झाला.

१) शब्द एक, औषधं दोन

‘स्टेरॉईड’ हे रसायनांच्या एका मोठ्या कुटुंबाचं नाव आहे. दम्यात, त्वचारोगात आणि सूज उतरवण्यासाठी देतात ती कॉर्टिकोस्टेरॉईड्स. कोरोनाच्या साथीत आपण ऐकलेलं डेक्सामेथासोन त्यातलंच. याने दंड फुगत नाहीत. उलट फार काळ घेतलं तर स्नायू झिजतात. ज्यांच्यामुळे स्नायू वाढतात ती ॲनाबॉलिक स्टेरॉईड्स, म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची भावंडं. कॉर्टिकोस्टेरॉईडच्या गोळ्या आणि इंजेक्शनांवरही स्पर्धेच्या काळात निर्बंध आहेत, पण आजारपणात रीतसर परवानगी घेण्याची सोय नियमातच ठेवलेली आहे. तेव्हा पहिला धडा : नुसतं ‘स्टेरॉईड’ लिहू नये, कोणतं ते लिहावं.

आपल्या वर्तमानपत्रांचा लाडका शब्द ‘उत्तेजक’. उत्तेजक म्हणजे मेंदूला तरतरी आणणारं, उदाहरणार्थ ॲम्फेटामाईन. ॲनाबॉलिक स्टेरॉईड हे उत्तेजक नव्हेच. दोघांना एकत्र सामावणारा शब्द ‘प्रतिबंधित द्रव्य’. थोडा कोरडा आहे, पण बरोबर आहे.

२) यंत्र काय सांगतं?

आपण प्रयोगशाळेत मल्टिमीटर लावतो. तो व्होल्टेज दाखवतो. ते कमी का पडलं, वायर कुणी सैल केली, हे तो सांगत नाही. लघवीच्या नमुन्याचंही तसंच. नमुना ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्यांत सीलबंद होतो. ‘अ’मध्ये द्रव्य सापडलं तर खेळाडूला ‘ब’ची तपासणी मागता येते. यंत्र एवढंच सांगतं : या नमुन्यात हे द्रव्य आहे. ते कसं आलं, जाणूनबुजून की नकळत, हे पुढं सुनावणीत ठरतं.

‘उत्तेजक चाचणीत दोषी’ ही ओळ आपण कितीदा वाचलीय! चाचणीत कुणी दोषी ठरत नसतं. दोष समिती ठरवते, चाचणी फक्त रीडिंग देते.

३) नरसिंग यादव : तीन तारखा, तीन वाक्यं

हे नीट समजायला नरसिंग यादव यांच्या प्रकरणासारखा धडा नाही. मुंबईत वाढलेले, २०११ ते २०१३ सलग तीनदा ‘महाराष्ट्र केसरी’ झालेले, महाराष्ट्र पोलिसांत अधिकारी. २०१५ साली लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो फ्रीस्टाईल गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं आणि रिओ ऑलिंपिकची जागा देशाला मिळवून दिली. या जागेसाठी चाचणी कुस्ती व्हावी म्हणून सुशीलकुमार दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. तिथं निकाल नरसिंग यांच्या बाजूने लागला. आणि मग जुलै २०१६ मध्ये बातमी आली.

त्या दिवशी लिहिण्यासारखं खरं वाक्य एवढंच होतं : ‘२५ जून २०१६ रोजी घेतलेल्या नमुन्यात मेथॅन्डीनोन हे ॲनाबॉलिक स्टेरॉईड आढळले. आपल्या अन्नपाण्यात कुणीतरी ते मिसळले, असे नरसिंग यांचे म्हणणे आहे.’

१ ऑगस्टचं वाक्य वेगळं : ‘नाडाच्या शिस्तपालन समितीने घातपाताचा दावा मान्य करून त्यांना मोकळे केले.’

१८ ऑगस्टचं आणखी वेगळं : ‘वाडाने केलेल्या अपिलावर रिओतील क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. घातपाताचा दावा लवादाला पटला नाही; द्रव्य गोळीच्या रूपात एकाहून अधिक वेळा, हेतुपुरस्सर घेतले असण्याची शक्यता अधिक, असे त्याने म्हटले.’ दुसऱ्याच दिवशी त्यांची कुस्ती होती. ती झालीच नाही.

तिन्ही वाक्यं आपापल्या दिवशी खरी आहेत. आता लिहिताना तिन्ही द्यावी लागतील. पहिल्याच दिवशी ‘दगाबाज’ लिहिणारे चुकले, तसेच १ ऑगस्टला ‘सत्याचा विजय’ लिहिणारेही चुकले. आणि खरं सांगतो, आपण मराठी माणसं दुसऱ्या बाजूला जास्त झुकलो. तीनदा गदा घेतलेला आपला पैलवान, त्याच्यावर कट झाला असणारच! ही भावना समजण्यासारखी आहे. आपला लातूर जिल्हा कुस्तीवेडा, रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांचं एडिंबरोचं १९७० चं सुवर्णपदक अजून पारावर निघतं. पण भावना ही साक्ष नव्हे. ‘बळी’ हा शब्दही ‘दगाबाज’इतकाच घाईचा निकाल आहे.

४) क्रियापद कुणाचं?

‘त्याने घेतलं’, ‘त्याला दिलं गेलं’, ‘त्याच्या नमुन्यात सापडलं’. तीन क्रियापदं, तीन वेगळे आरोप. पूर्व जर्मनीत १९७० आणि ८० च्या दशकांत कोवळ्या जलतरणपटू मुलींना व्हिटॅमिन म्हणून ओरल ट्युरिनाबॉलच्या गोळ्या दिल्या गेल्या. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने तिथल्या बड्या क्रीडा अधिकाऱ्यांना त्यासाठी शिक्षा सुनावली. त्या मुलींबद्दल ‘सेवन केलं’ असं लिहायचं का?

पण नियमाची दुसरी बाजूही सांगायला हवी. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, मग हेतू असो वा नसो. हेतूवर शिक्षेची मुदत ठरते. म्हणून ‘नियमभंग झाला’ आणि ‘फसवणूक केली’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

आपल्या बोलण्यात एक फार प्रामाणिक शब्द आहे : ‘म्हणे’. ‘तो इंजेक्शन घेतो म्हणे.’ ऐकीव आहे हे त्यात कबूल असतं. लिहिताना आपण नेमका तोच गाळतो. शिवाय आरोप झाला की आपण ‘ते’वरून ‘तो’वर येतो, अहो-जाहोचं अरे-तुरे होतं. सर्वनामानेही शिक्षा देता येते, मित्रहो!

५) तटस्थ म्हणजे गुळमुळीत नव्हे

याचा अर्थ धोका झाकायचा असा नाही. मेथॅन्डीनोनसारख्या गोळ्या यकृताला इजा करतात. ॲनाबॉलिक स्टेरॉईडने कोलेस्टेरॉल बिघडतं, हृदयावर ताण येतो. शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं थांबवतं, वृषण आकसतात, शुक्रजंतू घटतात. पुरुषाची छाती वाढू शकते. अचानक बंद केलं तर मन खचतं, नैराश्य येतं. जिमला जाणाऱ्या, भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या पोरांना हे स्पष्ट शब्दांत कळलंच पाहिजे. पण ‘इंजेक्शनबहाद्दर’ म्हणून हिणवलं तर जो घेतोय तो लपवेल, डॉक्टरकडे जाणार नाही आणि अर्धवट माहितीवर एकट्यानेच बंद करायला जाईल. ‘घेत असशील तर डॉक्टरला खरं सांग’ हे वाक्य कुणालाही नावं न ठेवता लिहिता येतं.

म्हणून आता काहीही लिहिण्यापूर्वी मी पाच प्रश्न विचारतो. द्रव्य नेमकं कोणतं? कुणी आणि कधी तपासलं? प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे? त्या माणसाचं म्हणणं काय? आणि निकाल बदलला तर तो मी तितक्याच मोठ्या अक्षरांत छापेन का?

तो चढाईपटू यंदा संघात नाही. दमा हे कारण तो सांगतो. मी ते तसंच लिहितो. दुसरं काही कारण असेल, तर ते मला माहीत आहे असं मला वाटतं. पण वाटणं आणि माहीत असणं यांतला फरक सांगण्यासाठीच तर हा लेख लिहिला. चाकूरच्या स्टँडवर मात्र मी त्याच्या वडिलांना सगळं सांगितलं. चूक माझी होती, लेकराची नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, ‘हे आधी त्या भिंतीवर लिही.’

तेच आज इथं लिहिलं आहे.