लॅपटॉपची हार्ड डिस्क : अल्प खर्चात बदलीची निवड

जमाखर्चाची वही कोनाड्यात राहत असे, त्या काळी तिला उंदीर, वाळवी व पाणी यांचेच भय असे. हल्ली मजुरीचे हिशेब, दुधाच्या नोंदी, माती-परीक्षणाचे अहवाल व फवारणीची टाचणे लॅपटॉपमध्ये साठविण्याचा प्रघात पडला आहे. सात-बाराचा उतारा गहाळ झाल्यास सरकारी संकेतस्थळावरून पुन्हा मिळतो. परंतु स्वतः टिपलेली नोंद गेली तर ती अन्यत्र कोठेही मिळत नाही. आमच्या माहितीतील एका बागाइतदाराच्या लॅपटॉपमधून टिकटिक असा आवाज येऊ लागला. सुगी आटोपल्यावर पाहू, असे म्हणून त्यांनी आठ दिवस काढले, तोच डिस्क कायमची बंद पडली. नवी डिस्क थोडक्या पैशांत आली. सहा वर्षांचे हिशेब मात्र परत आले नाहीत. सबब या विषयाची थोडी माहिती वाचकांस सादर करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम परीक्षा. लॅपटॉप मंद चालतो म्हणजे डिस्कच बिघडली असे नव्हे. स्मृती, म्हणजे रॅम, अपुरी असल्यासही तसे घडते. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवीत असते. ती ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’सारख्या मोफत साधनाने वाचता येते. खराब होऊन बदली दिलेल्या भागांची, म्हणजे ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर’ची संख्या दिवसेंदिवस वाढत असल्यास डिस्कचा भरवसा धरू नये. अशा वेळी दुरुस्तीचे प्रयोग न करता महत्त्वाचे कागद तत्काळ दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्यावेत. खरेदीचा विचार त्यानंतर.

डिस्कच्या दोन जाती. जुन्या जातीच्या डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या फिरतात व त्यांवरून वाचणारे शीर्ष अत्यंत सूक्ष्म अंतर राखून सरकत असते. लॅपटॉपमधील अशी डिस्क बहुधा मिनिटास 5400 फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास सुमारे 11 सहस्रांश सेकंद लागतात. हवी ती नोंद शीर्षाखाली येईपर्यंत थांबावे लागते, हेच तिच्या मंदपणाचे मुख्य कारण होय. शिवाय चालू लॅपटॉपला धक्का बसल्यास शीर्ष चकतीस घासून नुकसान होते. दुसरी जात एसएसडी. तीत फिरणारा भागच नाही. नोंद इलेक्ट्रॉनिक चिपांत राहते. त्यामुळे ती पुष्कळच जलद असते व मोटारसायकलवरून शेतावर नेण्यास अधिक सोईची पडते. लॅपटॉपच्या आतील बदलीसाठी एसएसडीच घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. फिरती डिस्क स्वस्तात मोठी साठवण देते. तिचा उपयोग बाहेरून जोडून नक्कल ठेवण्याकडे करावा.

कोणती बसेल? बैलाचा खांदा न पाहता जू आणणे जसे व्यर्थ, तसेच लॅपटॉपमधील जागा न पाहता डिस्क आणणे. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची साटा जातीची डिस्क असते. तिची जाडी 7 किंवा 9.5 मिलिमीटर असते; जाड जागेत पातळ डिस्क पट्टी देऊन बसविता येते, उलट मात्र चालत नाही. अलीकडील लॅपटॉपमध्ये एम-टू नावाची पट्टीसारखी डिस्क असते. तिचे 22 मिलिमीटर रुंद व 80 मिलिमीटर लांब हे माप विशेष प्रचारात आहे. मात्र एम-टू हे केवळ आकाराचे नाव होय. त्यात साटा व एनव्हीएमई असे दोन प्रकार असून, एकाच प्रकारासाठी केलेल्या खोबणीत दुसरा चालत नाही. सबब आपल्या नमुन्याची उत्पादकाने दिलेली माहिती पाहावी अथवा जुनी डिस्क काढून दुकानी न्यावी. काही पातळ लॅपटॉपमध्ये साठवण मुख्य पाटीवरच डाक देऊन बसविलेली असते. तेथे ही बदली संभवत नाही.

किंमत व आकारमान. साटा मार्गाने सेकंदास सुमारे 550 मेगाबाइटहून अधिक वेग मिळत नाही. म्हणून अशा लॅपटॉपसाठी वेगाच्या नावाखाली जादा दाम मोजू नयेत. आज किती जागा भरली आहे ते पाहून तिच्या दुप्पट घ्यावी. केवळ हिशेब व कागदपत्रे असल्यास 256 गिगाबाइट पुरतात. छायाचित्रे व चलचित्रे असल्यास 500 किंवा 1000 बऱ्या. किमतीस गिगाबाइटांनी भागून दर काढावा, म्हणजे कोणती खरोखर स्वस्त ते कळते. 1000 गिगाबाइटची डिस्क विंडोज 931 अशी दाखविते. ती मोजणीच्या पद्धतीतील तफावत आहे, फसवणूक नव्हे.

एसएसडीवर किती लेखन करता येईल याचा आकडा उत्पादक देतात. तो 300 टेराबाइट असला व आपण रोज 20 गिगाबाइट लिहिले, तरी तो गाठण्यास 15,000 दिवस, म्हणजे सुमारे 41 वर्षे लागतील. तेव्हा या आकड्याची चिंता न करता हमीची मुदत पाहावी. तीन वर्षांहून कमी नसावी. पक्की पावती घ्यावी व डिस्कवरील क्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा. नाममात्र किमतीत अनेक टेराबाइट देऊ करणाऱ्या मालापासून दूर राहावे. त्यात आकडा खोटा दाखविलेला असतो.

बदली करताना. डिस्क कुलूपबंद, म्हणजे बिटलॉकर लाविलेली असल्यास तिची किल्ली आधी कागदावर उतरवून ठेवावी. नवी डिस्क यूएसबीच्या वेष्टनात घालून जुनीची हुबेहूब नक्कल करता येते. त्यासाठी ‘क्लोनझिला’ हे मोफत साधन आहे. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. ज्याचा लॅपटॉप विंडोज 11 ला पात्र नाही, त्याने लिनक्सचा विचार करावा. जुनी डिस्क महिनाभर तशीच जपावी. नंतर तीवरील मजकूर पुसून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी.

शेवटी एक इशारा. एसएसडी पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडते. टिकटिक ऐकून सावध होण्याची संधी ती देत नाही. म्हणून महत्त्वाच्या नोंदींच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, व त्यांतील एक घराबाहेर, हा नियम पाळावा. सारे बियाणे एकाच कणगीत ठेवून निश्चिंत झोपणारा शेतकरी आमच्या पाहण्यात नाही. हिशेबांच्या बाबतीतही तीच खबरदारी वाचकांनी घ्यावी, व या महिन्याची नक्कल आजच काढावी, अशी आमची विनंती आहे.