घुमट नसलेली जामा मशीद

प्रश्न : मुलगा अबू धाबीत नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो तेव्हा शेख झायेद मशीद पाहिली. जिकडे पाहावं तिकडे घुमट! आमच्या जवळच्या बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीवर मात्र एकही नाही. मग एवढं छत उभं कसं? तेव्हा घुमट बांधणं जमत नव्हतं का?
— एक वाचक, रावेर

उत्तर : चांगलं जमत होतं. शिरपूर तालुक्यात थाळनेरला खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. त्या या मशिदीहून जुन्या, आणि त्यांच्यावर घुमट आहेत. म्हणजे बुऱ्हाणपुरात घुमट टाळला तो समजून-उमजून.

आपल्याकडे घर किती खणांचं, असं विचारतात. या मशिदीचाही हिशोब खणांचाच आहे. दर्शनी बाजूला 15 कमानी, आत खोलीला पाच खण. चार खांबांमधल्या चौकोनी खणावर दोन कमानदार छतं एकमेकांना छेदतात. छेदाच्या कडा तिरक्या खाली उतरतात आणि ओझं कोपऱ्यांतल्या खांबांवर आणून सोडतात. पण कमान नुसती खाली दाबत नाही, बाजूलाही रेटते. इथे एका खणाचा रेटा शेजारचा खण अडवतो. कडेच्या खणांचा रेटा जाड भिंतींवर जातो. दर्शनी रांगेच्या दोन्ही टोकांना तर सुमारे 36 मीटर उंचीचे भक्कम मनोरेच उभे आहेत.

अबू धाबीची मशीद 2007 मध्ये खुली झाली. तिथे सांगाडा पोलाद-काँक्रीटचा, संगमरवर वरून बसवलेला. त्यात आपल्या मकराण्याचाही आहे. सळ्या ताण घेतात, म्हणून मुख्य घुमट 85 मीटरपर्यंत चढवता आला. ती भव्य आहेच. तरी दगड-चुन्यावर भागवणाऱ्या बुऱ्हाणपूरच्या कारागिरांची अक्कल मला जास्त मोठी वाटते.

आणखी एक गोष्ट, तुम्ही विचारली नसली तरी सांगतो. ही मशीद फारुकी सुलतान राजा अली खान याने बांधली आणि आत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरवला. सृष्टिकर्त्याला नमन, मग फारुकींची वंशावळ आणि पंचांगासकट तिथी : संवत 1646, शके 1511, पौष शुद्ध पक्ष. म्हणजे इसवी सन 1590 चा जानेवारी. 1601 मध्ये अशीरगड पडला, खानदेश अकबराकडे गेला आणि त्याचाही लेख इथे कोरला गेला.

तुम्ही तर रावेरचे, भुसावळ-खंडवा मार्गावरच्या गाडीने सहज जाल. नमाजाची वेळ टाळा, तिथल्या माणसांना विचारून आत जा आणि तो संस्कृत लेख नक्की वाचा.