डायलिसिस थांबवावे का?



मूत्रपिंडे निकामी झाली की डायलिसिसचा आधार घ्यावा लागतो. साधारणपणे आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास. त्यामुळे अनेकजण वर्षानुवर्षे चांगले जगतात. परंतु वार्धक्य आणि इतर आजारांनी खंगलेला रुग्ण कधी म्हणतो, ‘आता पुरे!’ आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो, ‘नातीच्या लग्नापर्यंत चालू ठेवू या.’

अशी द्विधा मनःस्थिती म्हणजे श्रद्धेची उणीव नव्हे. एकीकडे थकवा, पथ्याचा जाच, घरच्यांची ओढाताण. दुसरीकडे जगण्याची आस, मरणाचे भय आणि ‘ही आत्महत्या तर नव्हे ना?’ ही टोचणी. गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली होती.

ख्रिस्तसभा काय शिकवते? जीव वाचवण्यासाठी साधारण उपाय करणे हे कर्तव्य आहे, असाधारण उपायांची सक्ती नाही, असे पोप बारावे पायस यांनी १९५७ साली स्पष्ट केले. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथानुसार (परिच्छेद २२७८) अतिशय क्लेशदायक किंवा अपेक्षित लाभाच्या मानाने जाचक ठरणारे उपचार थांबवता येतात. येथे मरण ओढवून घेण्याचा हेतू नसतो; ते अटळ आहे, हे स्वीकारलेले असते. रुग्ण सक्षम असेल तर निर्णय त्याचाच. जाणूनबुजून जीव घेणे मात्र सर्वस्वी निषिद्ध आहे.

डायलिसिस थांबवल्यावर बहुधा काही दिवसांत किंवा एक-दोन आठवड्यांत मृत्यू येतो. मूत्रपिंडे थोडी काम करीत असल्यास अधिक काळ जातो. अमेरिकन विनोदी लेखक आर्ट बुकवाल्ड यांनी २००६ साली डायलिसिस नाकारले. त्यांची मूत्रपिंडे अनपेक्षितपणे पुन्हा काम करू लागली व ते जानेवारी २००७ पर्यंत जगले. असे क्वचितच घडते. त्या आशेवर निर्णय घेऊ नये.

म्हणून घाई नको. नैराश्य किंवा पैशांची चणचण हे कारण असेल तर आधी त्यावर उपाय शोधावा. गरिबांना जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिस मिळावे यासाठी २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. डॉक्टरांशी व धर्मगुरूंशी बोलावे. मन बदलले तर डायलिसिस पुन्हा सुरू करण्याविषयी डॉक्टरांना लगेच विचारावे. थांबवायचेच ठरले तरी वेदनाशमन, शुश्रूषा, रुग्णाभ्यंग आणि आपली सोबत थांबता कामा नये.

चिंतनासाठी : आपल्या घरातील आजाऱ्याचे ‘आता पुरे’ आणि ‘अजून थोडे’ हे दोन्ही आपण शांतपणे ऐकतो का?