सागरी मत्स्यशेती : तारक कोणती, मारक कोणती?

समुद्राला आपण रत्नाकर म्हणतो. परंतु रत्नाकराचे भांडारही अक्षय नसते, याची प्रचीती आज मालवण किनाऱ्याला येत आहे. पर्ससीन जाळी व प्रखर दिव्यांवरील मासेमारी यांमुळे आपली मासळी घटल्याची तक्रार रापणकर सातत्याने करीत आहेत. 'मासे मिळत नसतील तर पिकवावेत', असा उपाय यावर सुचविला जातो. तो कितपत टिकाऊ आहे, याचा विचार मला येथे करावयाचा आहे.

या शेतीचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. पहिला पिंजऱ्यातील शेतीचा. तरंगत्या पिंजऱ्यांत जिताडा, मोदुसा असे मासे वाढवितात. हे मासे मांसाहारी आहेत. बारीक मासळीवर पोसल्यास त्यांचे वजन एक किलोने वाढण्यास चार-पाच किलो वा अधिक मासळी खर्ची पडते. तयार खाद्यातही बहुधा तारलीसारख्या माशांची भुकटी व तेल असते. म्हणजे गरिबाच्या ताटातील तारली श्रीमंताच्या ताटातील जिताड्यासाठी खर्च व्हायची! याने समुद्रावरील भार हलका कसा होणार?

दुसरा प्रकार कालवे व शिनाणे यांच्या शेतीचा. शिनाण्याचे बी सुती जाळीच्या साहाय्याने दोराला बांधून, तो दोर खाडीतील बांबूच्या मांडवाला टांगतात. सूत कुजेपर्यंत बी आपल्या तंतूंनी दोराला घट्ट चिकटते. त्याला खाद्य घालावे लागत नाही. पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीवांवर ते वाढते. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने २०११ नंतरच्या दशकात सिंधुदुर्गात राबविलेल्या प्रकल्पात महिला बचत गटांनी अशी शेती केली, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते.

अर्थात हीही शेती निर्धोक नाही. शिंपला पाणी गाळतो, तसे त्यातील रोगजंतूही शरीरात साठवितो. म्हणून खाडीत सांडपाणी सोडून ही शेती करता येणार नाही. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होते, तेव्हा पीक त्याआधीच काढावे लागते. त्यातच अरबी समुद्र तापत आहे. मे २०२१ मधील 'तौक्ते' वादळाने ऐन काढणीच्या हंगामात हा किनारा झोडपला होता. अशा काळात थोड्या भांडवलाचा बांबूचा मांडव मोडला तर पुन्हा उभारता येईल. कर्जाऊ पिंजरा गेला तर कुटुंबच बुडेल.

म्हणून माझ्या मते कोणत्याही मत्स्यशेतीस एकच कसोटी लावावी : ती समुद्रातून घेते किती आणि देते किती? या कसोटीस जी उतरेल, तिलाच शेती म्हणावे. एरवी ती मासेमारीच होय.